स्टाफला नाटक दाखवलं, गणपतीला गाडी करून दिली. हा खर्च टॅक्समध्ये दाखवता येतो का?

समजा, दादरच्या रानडे रोडवर साड्यांचं एक दुकान आहे. मालक आणि आठ जणांचा स्टाफ. सीझन संपला की मालक सगळ्यांना शिवाजी मंदिरला नाटक दाखवतो, नंतर जेवण असतं. गणपतीत गावी जाणाऱ्यांना कोकणापर्यंत गाडी करून देतो. लक्ष्मीपूजनाला मिठाईचे बॉक्स वाटतो. वर्षाला लाखभर रुपये असे सहज जातात.

मार्चमध्ये तो सीएला विचारतो, "हे सगळं धंद्याच्या खर्चात टाकायचं ना?"

उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. पण सोबत कोण होतं, पैसे कसे दिले आणि रिटर्न कोणत्या पद्धतीनं भरलं जातं, यावर त्याच 'हो'चं 'नाही' होऊ शकतं.

कायदा नेमकं काय म्हणतो?

आयकर कायदा, १९६१ च्या कलम ३७(१) नुसार खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा. तो मालकाचा खासगी खर्च नसावा, भांडवली नसावा आणि कायद्यानं मनाई असलेल्या गोष्टीसाठी नसावा. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, पण ही कसोटी तीच आहे. या लेखातले आकडे जुन्या कायद्याचे, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतचे आहेत.

'नाटक चालेल, क्रिकेट चालणार नाही' अशी यादी कायद्यात नाही. स्टाफ टिकावा, खूश राहावा म्हणून केलेला खर्च 'स्टाफ वेल्फेअर'मध्ये बसतो.

पण नाटक दाखवणं 'गरजेचं' होतं का?

याचं उत्तर मुंबईच्याच एका खटल्यात मिळतं. सॅसून जे. डेव्हिड अँड कंपनीची मालकी बदलताना कर्मचाऱ्यांना नोकरीतून कमी करून भरपाई दिली गेली. आयकर खात्यानं त्या खर्चावर आक्षेप घेतला. १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. १९६१ च्या विधेयकात आधी 'आवश्यक' हा शब्दही होता आणि लोकांच्या विरोधानंतर तो काढला गेला, याची कोर्टानं आठवण करून दिली. म्हणजे खर्च धंद्यासाठी होता हे दाखवावं लागतं. त्याच्याशिवाय धंदा अडला असता, हे सिद्ध करावं लागत नाही.

दिवाळीच्या खर्चाबद्दलही जुना खुलासा आहे. दिवाळी आणि मुहूर्ताच्या खर्चाला हरकत घेऊ नये, मात्र तो वैयक्तिक, सामाजिक किंवा धार्मिक स्वरूपाचा नसावा, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं १९६८ मध्येच सांगितलं होतं. दुकानात वाटलेली मिठाई चालेल, घरच्या पूजेचं बिल चालणार नाही.

गाडी कुठे अडते?

पहिली अडचण कुटुंबाची. अलिबागच्या सहलीला १२ जण गेले, त्यातले आठ स्टाफचे आणि चार मालकाच्या घरचे. एकूण खर्च ४८,००० रुपये. यातले घरच्यांचे १६,००० रुपये खासगी खर्चात जातात.

दुसरी अडचण रोखीची. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर कलम ४०ए(३) नुसार तो खर्च मान्य होत नाही. गाडीवाल्याला १८,००० रोख दिले, तर वरचे ८,००० नाही, पूर्ण १८,००० बाद होतात. त्याच दिवशी दोन पावत्या फाडूनही उपयोग नाही, कारण दिवसाची बेरीज धरतात.

तिसरी अडचण वर्गणीची. लालबाग-परळमध्ये मंडळाची पावती प्रत्येक दुकानात येते. ती देणगी आहे, स्टाफचा खर्च नाही. मंडळाच्या स्मरणिकेत दुकानाची जाहिरात दिली, तर तो जाहिरात खर्च ठरू शकतो. राजकीय पक्षाच्या स्मरणिकेतली जाहिरात मात्र कायद्यानं स्पष्टपणे वगळली आहे.

जीएसटीचं गणित वेगळं

आयकरात चाललेला खर्च जीएसटीतही चालेल, असं नाही. जेवण आणि केटरिंगवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट कलम १७(५) नुसार साधारणपणे मिळत नाही. भेटवस्तूंवरही नाही. सुट्टीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना दिलेल्या प्रवास सवलतीवरही नाही, म्हणजे गणपतीच्या गाडीवरचं क्रेडिटही विसरायचं. मात्र क्रेडिट न मिळालेला हा जीएसटी खर्चाचाच भाग होतो आणि आयकरात त्याची वजावट मागता येते. कंपोझिशन स्कीममधल्या दुकानदारांना तर कुठलंच क्रेडिट मिळत नाही.

स्टाफला टॅक्स बसतो का?

वर्षभरात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या भेटवस्तू करमुक्त आहेत. कामाच्या वेळेतला चहा-नाश्ताही करमुक्त आहे. पाकिटातून दिलेली रोख बक्षिसी मात्र पगारातच धरली जाते.

सगळ्यात मोठा 'पण'

अनेक छोटे दुकानदार कलम ४४एडीखाली रिटर्न भरतात. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल (रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत), तर ही सोय घेता येते. यात खरा नफा मोजायचा नसतो. बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या उलाढालीवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरला जातो.

दीड कोटींची सगळी उलाढाल बँकेतून झाली, तर किमान नफा ९ लाख धरणार. सहलीवर शून्य खर्च केला तरी ९ लाख आणि लाख रुपये खर्च केले तरी ९ लाखच. कारण सगळा खर्च त्या टक्केवारीतच धरलेला असतो.

पद्धत बदलून खरे हिशेब दाखवता येतात. पण एकदा ४४एडी घेऊन पाच वर्षांच्या आत बाहेर पडलात, तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही. शिवाय एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर ऑडिटही करावं लागतं. एका सहलीसाठी हा सौदा सहसा परवडत नाही.

खर्च दाखवायचा असेल तर काय जपून ठेवाल?

• दुकानाच्या नावानं घेतलेलं बिल
• यूपीआय किंवा बँकेतून पैसे दिल्याची नोंद
• कोण कोण आलं होतं याची यादी, पगारपत्रकातल्या नावांशी जुळणारी
• कार्यक्रमाचा ग्रुपवरचा मेसेज किंवा फोटो
• घरच्यांच्या खर्चाचा वेगळा हिशेब

आणि गाडी बुक करण्याआधी सीएला एकच प्रश्न विचारा: आपलं रिटर्न ४४एडीखाली जातं का? उत्तर 'हो' असेल, तर स्टाफला खुशाल फिरवून आणा, पण टॅक्स वाचेल म्हणून नाही.