पद्मिनीच्या मागच्या कमानींचा आधार आणि गंज

आपल्या वडोदऱ्यातल्या काही मराठी घरांत अजूनही प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट अकराशे जपलेली आहे. कुठे आजोबांची आठवण म्हणून, कुठे निव्वळ हौस म्हणून. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी ज्या सोसायट्यांत शिरले, तिथे उभ्या असलेल्या गाड्यांचे इंजिन, वायरिंग, गाद्या यांची साफसफाई बहुतेकांनी लगेच करून घेतली. पण पत्र्याच्या पोकळीत जो गाळ बसला, तो तिथेच राहिला. त्याचा परिणाम दिसायला वर्ष-दोन वर्षे जातात, आणि दिसतो तेव्हा तो बहुधा मागच्या कमानींच्या आधारापाशी असतो. (घरात आपण गंज म्हणतो, इथल्या गॅरेजात मात्र ‘काट’ म्हटले तरच काम पुढे सरकते.)

हीच जागा का, ते आधी पाहू. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली स्वतंत्र चासी असते. वरचा पत्रा सडला तरी भार पेलणारे लोखंड वेगळे असते. पद्मिनीला अशी चासी नाही. पत्रा दुमडून, स्पॉट वेल्डिंगने जोडून केलेल्या पोकळ पेट्या हाच तिचा सांगाडा. मागचा अखंड ॲक्सल दोन कमानपाट्यांवर बसतो. प्रत्येक कमानीचे पुढचे टोक बोल्टने बॉडीला जखडलेले असते, तर मागचे टोक शॅकलवर झुलते, कारण खड्ड्यात कमान सपाट होताना तिची लांबी वाढते.

म्हणजे मागचे टोक फक्त वजन पेलते. पुढचे टोक वजन तर पेलतेच, शिवाय मागची चाके गाडीला जो धक्का देतात तो तिथूनच बॉडीत जातो, आणि ब्रेक लावल्यावरची ओढही तिथेच येते. दोन्ही आधार गंजले असतील तर पहिली काळजी पुढच्याची करावी. नेमका तोच मागच्या चाकाच्या पुढ्यात असतो आणि पावसाळाभर चिखलाचा मारा खातो. पेटीची पाणी निघायची भोके चिखलाने बुजली की आत ओल कोंडते. दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून सांधा फुगतो, फटीत आणखी पाणी शिरते. बाहेरचा रंग तोवर शाबूत असू शकतो.

लक्षणे ओळखायला मेकॅनिक लागत नाही. बंपवरून जाताना मागून ‘ठक’ असा आवाज, ब्रेक लावताच मागची बाजू किंचित सरकल्यासारखी वाटणे, गाडी एका अंगाला बसलेली दिसणे. स्टीयरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. डाव्या-उजव्यात सेंटिमीटरभर फरक आला तर गाडी चालवणे थांबवा. बुश झिजल्यामुळेही आवाज येतो, पण बुश सांगून वेळ मारून नेण्याआधी मागची सीट आणि डिकीतली मॅट उचलून पत्रा पाहावा. छोट्या हातोडीने ठोकल्यावर चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. लोहचुंबक न चिकटला तर तिथे लांबी भरलेली आहे. या जागेत लांबी किंवा फायबर भरून वर डांबरी कोटिंग फासणे ही फसवणूकच आहे, मग ती विकणाऱ्याने केलेली असो वा स्वतःच्या समाधानासाठी. गंज थांबवणारी रसायने वरवरच्या गंजावर ठीक चालतात; पातळ झालेला पत्रा ती जाड करत नाहीत.

आता दुरुस्ती. हे काम जाणत्या डेंटरचे आहे. तरी तो काय करतो आणि काय टाळतो, हे मालकाला कळायला हवे. पेट्रोलची टाकी मागेच असल्याने वेल्डिंगआधी ती आणि तिची नळी पूर्ण काढून दूर ठेवायची. नुसती रिकामी करून भागत नाही. वाफ भरलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. बॅटरी सोडवायची, सीट आणि मॅट बाहेर काढायच्या. गाडी जॅकवर नव्हे, तर मजबूत जागी लावलेल्या स्टँडवर घ्यायची.

कटर चालण्याआधी मापे घ्या. कमानीच्या बोल्टपासून दुसऱ्या बाजूच्या एखाद्या पक्क्या बिंदूपर्यंत तिरकी मापे दोन्हीकडून घेऊन कागदावर लिहून ठेवावीत. एका वेळी एकच बाजू कापायची आणि कापण्यापूर्वी आत तात्पुरती आडवी पट्टी जोडून सांगाडा जागेवर धरायचा. हे टाळले तर नवा पत्रा छान दिसतो आणि गाडी जन्मभर वाकडी चालते.

गंज दिसतो तिथे न थांबता स्वच्छ, चकाकणारे लोखंड लागेपर्यंत कापावे लागते. भोक तळहाताएवढे वाटते, कापल्यावर वीतभर निघते. याची मनाची तयारी ठेवावी. पुठ्ठ्याचा नमुना करून त्यावरून तुकडा घडवायचा, जाडी मूळ पत्र्याएवढीच. ‘जाड प्लेट मारतो, पुन्हा बघायला नको’ असे कुणी म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. जाड प्लेटच्या कडेला जुना पातळ पत्रा चिरतो. जिथे मूळची दुहेरी मजबुती आहे, तिथे दोन्ही थर वेगवेगळे बनवावेत. सीओटू वेल्डिंग या कामाला बरे. थोडे थोडे टाके आलटून पालटून मारले म्हणजे पत्रा उष्णतेने वाकत नाही. पितळी जोड इथे नको.

सांध्याच्या आतल्या बाजूला झिंक प्रायमर जोडण्याआधी लावतात, नंतर तिथे हात पोचत नाही. बाहेरून प्रायमर, सीलर आणि रंग झाला की पेटीत पातळ मेण किंवा गंजरोधक तेल नळीने फवारायचे. पाणी निघायची भोके मात्र उघडी ठेवायची. नव्या उत्साहात तीच बुजवली जातात.

जोडणीत नवे बुश आणि नवे यू-बोल्ट घाला, जुने ताणलेले परत वापरू नका. कमानीच्या डोळ्याचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नसतात. गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन कमानींवर आल्यावरच आवळावेत. नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. त्यानंतर चाकांची अंतरे पुन्हा मोजून आधी लिहिलेल्या मापांशी ताडा, आणि चार-पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट एकदा तपासून घ्या.