शेपटीखालचं दुखणं

कुत्रा ढुंगण फरशीवर घासत पुढे सरकायला लागला की घरातल्यांना आधी हसू येतं. मग कुणीतरी ‘जंत झालेत’ म्हणतं आणि मेडिकलमधून गोळी येते. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर असाच एका पॉमेरियनचा व्हिडिओ आला होता. घासता घासता ते मध्येच थांबायचं आणि दचकून स्वतःच्या शेपटीकडे बघायचं. त्याचं ते बघणं डोक्यातून जाईना, म्हणून आमच्या शहराच्या गारखेडा भागातल्या एका पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात जाऊन बसले.

मे महिन्याची संध्याकाळ होती. शहरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे टेबलाशेजारी भरलेले निळे ड्रम. डॉक्टरबाईंना सगळे मॅडम म्हणतात आणि कुत्री धरणाऱ्या मदतनिसाला मामा.

“मॅडम, लई घासायलाय. जंताचं औषध दोनदा दिलं,” एका जाडजूड लॅब्राडोरचा मालक सांगत होता.

मॅडमनी शेपटी उचलली. “घड्याळ डोळ्यांपुढे आणा. मधोमध गुदद्वार. चारच्या आकड्यापाशी एक पिशवी, आठपाशी दुसरी.”

या पिशव्यांमधून एकेक बारीक नळी गुदद्वाराच्या काठाशी उघडते. शी करताना दाब पडून थोडा स्राव बाहेर येतो, त्याच्या वासावरून कुत्री एकमेकांना ओळखतात. शी सतत पातळ होत असली, वजन वाढलं किंवा त्वचेची ॲलर्जी असली, की पिशवी नीट रिकामी होत नाही. आतला स्राव घट्ट होतो, जंतू वाढतात, पू धरतो. मांजरांनाही या पिशव्या असतात आणि परदेशात हौसेने पाळतात त्या फेरेटलाही. अमेरिकेत विक्रीआधीच फेरेटच्या पिल्लांच्या या पिशव्या, म्हणजेच गुदग्रंथी, कापून टाकायची रीत आहे. एवढं करूनही त्याच्या अंगाचा वास राहतोच, कारण तो मुख्यतः त्वचेतल्या तेलग्रंथींचा असतो. दुखणं नसताना केलेली ही कापाकापी मला पटत नाही.

मामांनी एक हात लॅब्राडोरच्या मानेखालून आणि दुसरा पोटाखालून घेतला. मॅडमनी हातमोजा चढवून, जेली लावून बोट आत घातलं. चारच्या बाजूने कापसावर तपकिरी, पेस्टसारखा गोळा आला आणि खोलीभर सुकटीचा वास सुटला. मी पदर नाकाला लावला. मामांचं तोंड कुत्र्याच्या शेपटीपासून हातभर अंतरावर होतं, त्यांनी मान वळवली नाही. “झालंच बाळा, झालंच,” एवढंच म्हणत राहिले.

आठच्या बाजूला बोट टेकताच लॅब्राडोर किंचाळला. मॅडमनी दाबणं तिथेच थांबवलं. सुजलेली पिशवी जोर लावून दाबली तर आतल्या आत फुटू शकते. भूल देऊन, बारीक नळीने सलाईन सोडून ती धुतली, तेव्हा हिरवट पिवळा पू निघाला, त्यात रक्ताचे धागे. निरोगी स्राव पातळ असतो. घट्ट झाला तर पिशवी तुंबलेली, असा पू आला तर संसर्ग. मामा कापूस उजेडात धरून मॅडमना दाखवत होते. धुतलेल्या पिशवीत मलम भरलं, अँटिबायोटिक आणि वेदनाशामक लिहून दिलं, चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर.

“घरातली डोकेदुखीची गोळी देऊ का?” मालकाने विचारलं. मॅडमचा आवाज चढला. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजराला पॅरासिटामॉल दिलं तर जिवावर बेततं.

त्यानंतर आलेल्या कुत्रीच्या गुदद्वाराशेजारी भोक पडलं होतं आणि त्यात हळद भरलेली. दुसरं कुत्रं चावलं असं घरच्यांना वाटलं होतं. मॅडमनी पुन्हा घड्याळ सांगितलं, चार आणि आठ. भोक बरोबर चारवर होतं. आतला गळू फुटला होता. अशा उघड्या जखमेवर उन्हाळ्यात माश्या बसल्या की आसड्या पडायला वेळ लागत नाही. केस कापून, हळद धुऊन जखम उघडीच ठेवली, म्हणजे पू वाहून जाईल.

ग्रूमिंगच्या पॅकेजात अंघोळीबरोबर या ग्रंथीही दाबून देतात. त्रास नसलेल्या कुत्र्याच्या ग्रंथींना हातच लावू नये, असं मॅडमचं स्पष्ट मत. विनाकारण दाबण्याने उलट सूज येते. तिथे पैसे घेऊन दुखणं निर्माण केलं जातं, असं मला त्यानंतर वाटत राहिलं.

लॅब्राडोरच्या मालकाला पिशव्या एकदाच्या काढूनच टाकायच्या होत्या. शस्त्रक्रिया होते, पण शेजारच्या स्नायूंना किंवा नसांना इजा झाली तर शीवरचा ताबा जाऊ शकतो, म्हणून वारंवार संसर्ग होणाऱ्यालाच ती सुचवतात. मॅडमनी आधी वजन उतरवायला सांगितलं, जेवणात उकडलेला लाल भोपळा घालायला सांगितला. कुत्रा गुंगीतच होता. मामांनी तो उचलून रिक्षात ठेवला, कॉलर सरळ केली आणि मालकाला म्हणाले, “आठवड्याने आणा. आठची बाजू परत बघायचीय.”