राखीव किंमत : हट्टाची की हिशेबाची?

लिलाव आम्हा धान्यव्यापाऱ्यांस नवा नाही. दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत, त्या काळीही विक्रेत्याच्या मनात एक आकडा असे. त्याखाली तो माल सोडीत नसे. आता बोली संगणकावर लागते. १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजे ई-नाम, आठ राज्यांतील २१ बाजारांत सुरू झाला. आपले गुजरात त्यांत होते. तेथेही सर्वोच्च बोली पसंत न पडल्यास ती नाकारण्याचा अधिकार शेतकऱ्यास आहे. मनातील हा आकडा म्हणजे राखीव किंमत. आणि जेथून बोली सुरू होते ती प्रारंभिक किंमत. या दोहोंची गल्लत आम्हांस महाग पडली, ती हकीकत येथे देतो.

काही वर्षांपूर्वी खानदेशातून आणलेली तूर आम्ही ऑनलाइन लिलावास लावली. खरेदीनंतर बाजार उतरला होता. तरी 'घातले तेवढे निघालेच पाहिजेत' या हट्टाने खरेदीभाव अधिक खर्च हाच आम्ही राखीव आकडा धरला व बोलीही तेथूनच सुरू केली. एकही बोली आली नाही. माल दुसऱ्यांदा लावला, तेव्हा 'यात काही खोट असावी' असा ग्राहकांचा ग्रह झाला. तोच आषाढ लागला. सुरतेच्या दमट हवेत पोत्यांत भुंगे झाले. घरातून एवढाच प्रश्न आला, "चातुर्मासात या जीवांची हिंसा कोणाच्या खाती मांडायची?" आम्ही निरुत्तर झालो. अखेर माल मोठा तोटा सोसून दिला.

तेव्हापासून आम्ही हिशेब असा मांडतो. समजा, तूर वखारीत ७,००० रुपये क्विंटलने पडली. परंतु आज गावच्या बाजारात विकल्यास अडत, हमाली व तोलाई वजा जाता ६,७५० हाती येतात. ऑनलाइन विक्रीचा खर्च ५० रुपये. तर राखीव किंमत ६,८००. त्याखाली गेल्यास गावचा बाजार बरा. सात हजार हा गेलेल्या दिवसाचा आकडा आहे. ग्राहकास त्याच्याशी कर्तव्य नाही. माल थांबवावयाचा असेल, तर व्याज, वखारभाडे व घट यांचाही विचार अगोदर करावा.

प्रारंभिक किंमत हे मात्र आमंत्रण होय. बोलीदार पुष्कळ असतील व राखीव आकडा निराळा ठेवण्याची सोय असेल, तर ६,५०० पासून आरंभ करण्यास हरकत नाही. चढाओढीने भाव आपोआप वर जातो. ग्राहक दोन-तीनच असतील किंवा तशी सोय नसेल, तर आरंभ ६,८०० लाच करावा. अन्यथा माल मातीमोल जाण्याचे भय.

सरकारलाही आकडा बदलावा लागतो. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतीय अन्न महामंडळाने गव्हाचे ई-लिलाव सुरू केले. आरंभी राखीव किंमत क्विंटलला २,३५० रुपये व वर वाहतूक अशी होती. बाजारभाव उतरावेत हा हेतू असल्याने त्याच महिन्यात ती २,१५० वर आणली. त्याच वर्षी तांदळास ३,१०० रुपये ठेवले असता उठाव अत्यल्प झाला. ऑगस्टात ते २,९०० करावे लागले. तात्पर्य, आकडा ठरविण्यापूर्वी आपला हेतू ठरवावा.

बुलो व क्लेम्पेरर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ साली गणिताने असे दाखविले की, सर्वसाधारण परिस्थितीत अचूक राखीव किंमत शोधण्यापेक्षा एक खरा बोलीदार अधिक मिळविणे विक्रेत्यास जास्त लाभाचे ठरते. म्हणून नमुना स्वच्छ दाखवावा, आर्द्रता व कचरा यांचे प्रमाण खरे लिहावे, आणि चार जास्त ग्राहकांस आगाऊ कळवावे.

एक गोष्ट मात्र निषिद्ध समजावी. भाव चढविण्यासाठी आपल्याच माणसाकडून खोटी बोली लावणे हा अचौर्यव्रताचा भंग आहे. राखीव आकडा गुप्त ठेवण्यात दोष नाही. पण तो आहे, हे उघड सांगावे.

व्यापारी बंधूंस आमची नम्र सूचना एवढीच की, राखीव आकडा लिलावाच्या आदल्या दिवशी शांत चित्ताने वहीत लिहावा व बोलीच्या भरात तो बदलू नये. वहीतील तोटा पुढील हंगामात भरून निघतो; पोत्यांत गेलेले जीव परत येत नाहीत.