विश्लेषण : रणजीत धावांचा डोंगर, तरी भारतीय संघात टिकणे अवघड का? बोरिवली ते भांडुपच्या क्रिकेटपटूंची वाटचाल काय सांगते?

महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना, ३० ऑक्टोबर २०२५, नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम. ऑस्ट्रेलियाने दिलेले ३३९ धावांचे लक्ष्य भारताने पाच गडी राखून पार केले. भांडुपमध्ये जन्मलेली जेमिमा रॉड्रिग्ज १२७ धावांवर नाबाद राहिली. संघाचे मुख्य प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११,१६७ धावा आणि ३० शतके करूनही त्यांना भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नव्हता. तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, याच मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला.

एकाच संघातली ही दोन माणसे आणि त्यांच्या दोन वेगळ्या वाटा. मुंबईच्या उपनगरांतून दर शनिवार-रविवारी किटबॅग घेऊन निघणाऱ्या हजारो मुलामुलींसाठी प्रश्न एकच आहे. स्थानिक क्रिकेटमधला यशस्वी खेळाडू आंतरराष्ट्रीय खेळाडू कसा होतो? आणि काही जण दारापर्यंत येऊन मागे का राहतात?

मुंबईचे क्रिकेट उपनगरांकडे कधी सरकले?

मुंबई क्रिकेट म्हटले की दादर, शिवाजी पार्क आणि हिंदू कॉलनीची नावे पुढे येत. पण मध्यमवर्ग राहायला बोरिवली, मुलुंड, डोंबिवली आणि पुढे विरारपर्यंत सरकला, तसा खेळाडूंचा पत्ताही बदलला. विनोद कांबळी कांजूरमार्गचा, शिवम दुबे अंधेरीचा, सर्फराज खान कुर्ल्याचा, सूर्यकुमार यादव चेंबूरच्या अणुशक्तीनगरचा. रोहित शर्मा बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला. पृथ्वी शॉ आणि आयुष म्हात्रे तर विरारचे.

घरे सरकली, तरी महत्त्वाची मैदाने बरीचशी दक्षिण मुंबईतच राहिली. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल येथे गाइल्स आणि हॅरिस शील्ड, कांगा लीग, क्लबचे सामने होतात. निवड समितीचे लक्षही तिथेच. त्यामुळे पहाटेची लोकल आणि दारात उभी केलेली किटबॅग हा उपनगरातल्या मुलांच्या क्रिकेटचा भाग झाला. वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदान आणि कांदिवलीचा सचिन तेंडुलकर जिमखाना यांमुळे हे अंतर थोडे कमी झाले आहे.

रणजी आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात नेमका फरक काय?

पहिला फरक वेळेचा. दोन्ही बाजूंच्या क्रीजमधील अंतर १७.६८ मीटर. ताशी १२५ किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर साधारण ०.५१ सेकंदात कापतो, तर १४० किलोमीटरचा ०.४५ सेकंदात. टप्पा पडल्यावर चेंडू मंदावतो, तो हिशेब यात धरलेला नाही. तरीही फरक सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास राहतो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण फलंदाजाचा पाय पुढे जाणार की मागे, हे तेवढ्याच वेळात ठरते. देशांतर्गत सामन्यांत सातत्याने १४० च्या वर टाकणारे गोलंदाज मोजकेच असतात. कसोटीत दोन्ही टोकांनी तसे गोलंदाज मिळू शकतात.

दुसरा फरक चेंडूचा. रणजीत एसजी चेंडू वापरतात, इंग्लंडमध्ये ड्यूक्स, ऑस्ट्रेलियात कुकाबुरा. प्रत्येकाची शिवण, चकाकी आणि स्विंग होण्याचा काळ वेगळा. त्यात खेळपट्टीची माती आणि उसळीही बदलते.

तिसरा फरक माहितीचा. आंतरराष्ट्रीय पातळीवर दोन-तीन डावांनंतर प्रतिस्पर्ध्यांकडे तुमच्या प्रत्येक फटक्याचे चित्रण असते. दुबळी बाजू सापडली की तिथेच मारा होतो. म्हणजे स्थानिक क्रिकेटमध्ये ज्या पद्धतीने धावा केल्या, तीच पद्धत कधी ना कधी बदलावी लागते. खरी परीक्षा इथे सुरू होते.

रोहित शर्माला सहा वर्षे का लागली?

रोहितची सुरुवातीची गोष्ट बोरिवलीत अनेकांना पाठ आहे. शाळकरी रोहित तेव्हा ऑफस्पिनर होता. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याची गोलंदाजी पाहिली आणि स्वामी विवेकानंद शाळेत प्रवेश घ्यायला सांगितले. फी परवडणारी नव्हती, तेव्हा लाड यांनी शाळेकडे शब्द टाकला आणि फी माफ झाली. पुढे त्याला फलंदाजी करताना पाहून त्यांनी त्याला वरच्या क्रमांकावर पाठवले. ऑफस्पिनरचा फलंदाज झाला तो असा.

जून २००७ मध्ये रोहित भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला. डिसेंबर २००९ मध्ये त्याने रणजीत गुजरातविरुद्ध नाबाद ३०९ धावा केल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये नागपुरात कसोटी पदार्पण होणार होते, पण सामन्याच्या सकाळी सराव करताना दुखापत झाली. २०११ च्या विश्वचषक संघात त्याला स्थान मिळाले नाही. कसोटीची कॅप मिळाली ती थेट नोव्हेंबर २०१३ मध्ये. ईडन गार्डन्सवर पहिल्याच डावात त्याने १७७ धावा केल्या.

त्याची कारकीर्द वळली ती दोनदा बदललेल्या भूमिकेमुळे. २०१३ मध्ये त्याला एकदिवसीय सामन्यांत सलामीला पाठवण्यात आले. २०१९ मध्ये हाच प्रयोग कसोटीत झाला. त्याआधीच्या सराव सामन्यात सलामीला येऊन तो शून्यावर बाद झाला होता. तरी निर्णय बदलला नाही. विशाखापट्टणमच्या कसोटीत त्याने दोन्ही डावांत शतके केली, १७६ आणि १२७. एका अपयशावर तेव्हा निकाल लावला असता, तर पुढचा कसोटी सलामीवीर रोहित दिसलाच नसता.

पहिल्या अपयशानंतर कोण परत येते?

शार्दूल ठाकूरचे उदाहरण पाहा. पालघरच्या या मुलाला दिनेश लाड यांनी बोरिवलीत आपल्या घरी ठेवून घेतले. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला त्याचे कसोटी पदार्पण झाले आणि दहा चेंडू टाकून तो दुखापतीने बाहेर गेला. पुढची कसोटी मिळायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. ती होती जानेवारी २०२१ ची ब्रिस्बेन कसोटी. शार्दूलने ६७ धावा केल्या, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागीदारी रचली आणि सामन्यात सात बळी घेतले. भारताने मालिका जिंकली. त्या संघाचा कर्णधार होता मुंबईचाच अजिंक्य रहाणे.

रहाणेलाही २०२२ मध्ये कसोटी संघातून वगळण्यात आले. तो रणजीत परतला, २०२२-२३ च्या मोसमात हैदराबादविरुद्ध त्याने २०४ धावा केल्या. जून २०२३ मध्ये जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ८९ आणि ४६ धावा करणारा रहाणेच होता. मार्च २०२४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने ४२ वा रणजी करंडक जिंकला.

जेमिमा २०२२ च्या एकदिवसीय विश्वचषक संघात नव्हती. तिने मुंबईच्या मैदानांवर मुलांबरोबर सामने खेळत फलंदाजी पुन्हा बांधली. २०२५ च्या विश्वचषकातही इंग्लंडविरुद्ध तिला बाहेर बसवले गेले. पुढच्याच सामन्यात तिने न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ धावा केल्या आणि उपांत्य सामन्यात ते १२७.

तिघांच्या गोष्टीत एक धागा समान आहे. वगळल्यावर परत जाऊन खेळ दुरुस्त करायला त्यांच्याकडे जागा होती. स्थानिक क्रिकेटला आपण भारतीय संघाचा जिना समजतो. प्रत्यक्षात ते खेळाडूचे गॅरेजही आहे.

मग मुझुमदार आणि सर्फराज यांचे काय?

मुझुमदार यांनी रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या होत्या. पण त्यांच्या काळात मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण होते. संघात जागा अकरा, त्यात मधल्या फळीच्या तीन-चार. इथे गुणवत्तेइतकाच काळही मोजावा लागतो.

सर्फराज खानने २०१९-२० च्या रणजी मोसमात ९२८ आणि २०२१-२२ मध्ये ९८२ धावा केल्या. तरी कसोटी पदार्पणासाठी फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. राजकोटला पहिल्याच सामन्यात त्याने ६२ आणि नाबाद ६८ धावा केल्या, त्याच वर्षी बंगळूरुत न्यूझीलंडविरुद्ध १५०. पण सहा कसोटींनंतर २०२५ च्या इंग्लंड दौऱ्याच्या संघात त्याचे नाव नव्हते. धावांनी दार उघडते, आत किती वेळ थांबायचे हे धावांवरच ठरत नाही, हे सर्फराजकडे पाहून कळते.

सूर्यकुमार यादव रणजीत २०१० पासून खेळत होता. भारताची कॅप मिळाली मार्च २०२१ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. तीही आयपीएलमधील कामगिरीमुळे. २०२४ मध्ये तो ट्वेन्टी-२० संघाचा कर्णधार झाला. दार आता एकच राहिलेले नाही, पण रणजीतील वर्षे वाया गेली असेही त्याच्याकडे पाहून म्हणता येत नाही.

लवकर संधी मिळणे धोक्याचे असते का?

विनोद कांबळीने १७ कसोटींत ५४.२० च्या सरासरीने १०८४ धावा केल्या. शेवटची कसोटी १९९५ मध्ये खेळला, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. १९९४-९५ च्या वेस्ट इंडिज मालिकेत आखूड टप्प्याच्या चेंडूंनी त्याला अडचणीत आणले होते. त्याच्या मागे पडण्याची कारणे अनेक सांगितली जातात. मात्र तेव्हा राष्ट्रीय क्रिकेट अकादमीही नव्हती. ती २००० मध्ये सुरू झाली.

पृथ्वी शॉच्या वेळी अकादमी होती, १९ वर्षांखालील आणि भारत ‘अ’ संघाला राहुल द्रविडसारखा प्रशिक्षक होता. पृथ्वीने २०१८ मध्ये कसोटी पदार्पणात १३४ धावा केल्या. डिसेंबर २०२० च्या अॅडलेड कसोटीनंतर तो कसोटी खेळलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातूनही त्याला वगळण्यात आले, २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडे गेला. म्हणजे व्यवस्था हवीच, पण ती पुरेशी नाही. कमी वयात यश मिळाले की खेळ बदलण्याची गरज पटायला उशीर होतो.

पैशांचे गणित कुठे अडते?

शिवम दुबेने वयाच्या चौदाव्या वर्षी घरच्या आर्थिक अडचणींमुळे क्रिकेट थांबवले आणि एकोणिसाव्या वर्षी पुन्हा सुरुवात केली. मधली पाच वर्षे म्हणजे वयोगट क्रिकेटचा जवळपास सगळा काळ. तरी २०१९ मध्ये तो भारताकडून खेळला आणि २०२४ च्या ट्वेन्टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने १६ चेंडूंत २७ धावा केल्या. असे परतणारे थोडेच.

रणजी खेळाडूचे आजचे मानधन चांगले आहे. २० पर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला ४० हजार, ४० हून अधिक सामने खेळलेल्याला ६० हजार रुपये मिळतात. सात साखळी सामने खेळणाऱ्या नवोदिताचे ११ लाख २० हजार होतात. मुंबई क्रिकेट संघटनेने २०२४ मध्ये तेवढीच रक्कम स्वतःकडूनही देण्याचे जाहीर केले. पण हा पैसा रणजी संघात आल्यावर. त्याआधीची आठ-दहा वर्षे बॅट, प्रशिक्षण, प्रवास आणि आहार यांचा भार घरावरच असतो. गळती तिथे होते. लाड यांच्यासारखा प्रशिक्षक फी माफ करून घेतो किंवा मुलाला घरी ठेवतो, तेव्हा तो व्यवस्थेतील हीच फट स्वतः बुजवत असतो.

व्यवस्थेत काय बदलले, काय बाकी आहे?

बंगळूरुतील नवे ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’ सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. तिथे मुंबईची लाल माती, कर्नाटकातील मंड्याची माती आणि ओडिशातील कालाहंडीची काळी माती वापरून वेगवेगळ्या खेळपट्ट्या केल्या आहेत. एकाच ठिकाणी वेगळी उसळी आणि वेगळी फिरकी अनुभवता यावी, हा हेतू. भारत ‘अ’ संघाचे परदेश दौरे हाच सराव प्रत्यक्ष सामन्यात देतात.

जानेवारी २०२५ मध्ये बीसीसीआयने भारतीय खेळाडूंना देशांतर्गत सामने खेळणे बंधनकारक केले. त्याच महिन्यात वांद्रे-कुर्ला संकुलात मुंबईकडून रोहित, यशस्वी जैस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर, दुबे आणि शार्दूल एकत्र खेळले. समोर होता जम्मू-काश्मीरचा संघ. रोहित ३ आणि २८ धावांवर बाद झाला, जम्मू-काश्मीरने पाच गडी राखून सामना जिंकला. शार्दूलचे ५१ आणि ११९ हीच मुंबईची मोठी जमेची बाजू. रणजीचा दर्जा घसरला, असे सरसकट म्हणणाऱ्यांना त्या सामन्याने उत्तर दिले. रणजीच्या ३८ संघांतील नव्या गोलंदाजांनाही मोठ्या फलंदाजांना गोलंदाजी करण्याची संधी अशाच सामन्यांतून मिळते.

बाकी आहे ते संवादाचे काम. का वगळले, कशात सुधारणा हवी आणि पुन्हा विचार कधी होईल, हे खेळाडूला स्पष्ट कळले तर रणजीच्या पुढच्या मोसमाला दिशा मिळते. नाहीतर तो आणखी एक शतक ठोकतो आणि पुन्हा वाट पाहतो.

पालकांनी यातून काय घ्यावे?

चौदाव्या वर्षीचे त्रिशतक म्हणजे कॅपची हमी नाही आणि सोळाव्या वर्षी संघातून वगळले म्हणजे सगळे संपले असेही नाही. रोहितची भूमिका तीनदा बदलली, दुबे पाच वर्षे बाहेर होता, जेमिमा विश्वचषकाच्या मध्यावर बाहेर बसली होती. मुलाच्या धावा किती झाल्या, हे सगळेच विचारतात. बाद झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो नेट्समध्ये काय वेगळे करतो, हेही प्रशिक्षकाला विचारायला हवे.