बाटलीवरचे गाव

2013 साली फ्रान्समधल्या आंजे शहराच्या न्यायालयापुढे ओलिव्हिए कुझँ नावाचे द्राक्षबागायतदार आपला घोडा घेऊन हजर झाले. घोडा मिरवणुकीपुरता आणलेला नव्हता. त्यांच्या बागेत नांगरट घोड्यानेच होते. वाइनमध्ये भेसळ केली, असा कोणाचा आरोप नव्हता. त्यांनी वाइनच्या खोक्यांवर 'आंजू ओलिव्हिए कुझँ' असे छापले होते. आंजू हा त्यांचा प्रांत आणि पुढचे त्यांचे नाव. पण या तीन शब्दांची रोमन आद्याक्षरे होतात ए, ओ, सी. आणि एओसी म्हणजे 'आपेलास्याँ दोरिजिन काँत्रोले', फ्रान्समधले सरकारमान्य मूळस्थान-मानांकन. कुझँ या मानांकनातून आपण होऊन बाहेर पडले होते. म्हणून आंजू हे नाव वापरण्याचा त्यांचा हक्क संपला होता. या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि 37,500 युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात शिक्षा नाममात्र झाली. मला मात्र शिक्षेपेक्षा गुन्हाच जास्त विचार करायला लावतो.

आपल्याकडे 2018 मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. परराज्यातला आंबा हापूसच्या नावाने विकू नये, यावर आपले सहसा एकमत असते. नाव चोरणारा बाहेरचा असतो, हे त्यात गृहीत धरलेले असते. कुझँ बाहेरचे नव्हते. बाग आंजूत, द्राक्षे आंजूतली, वाइनही तिथेच मुरलेली. तरीही आंजू म्हणायचे नाही! हे कसे घडले ते कळायला शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा उजाड केल्या. वाइन कमी पडली आणि तहान तेवढीच राहिली. मग बेदाणे भिजवून, साखरपाणी घालून, कुठलीही वाइन कशातही मिसळून नामांकित गावांच्या नावाने विकणे सुरू झाले. पुढे बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण बनावट मालाने भाव पाडून ठेवले होते. 1907 च्या जूनमध्ये दक्षिणेतल्या माँपेलिए शहरात पाच लाखांच्या आसपास माणसे रस्त्यावर उतरली. नारबॉन येथे लष्कराने गोळीबार केला, माणसे मेली. क्लेमाँसो तेव्हा पंतप्रधान होते.

सरकारने नावांना हद्दी आखून द्यायला सुरुवात केली आणि हद्दीने नवे भांडण लावले. 1908 मध्ये शँपेनची सीमा ठरली तेव्हा दक्षिणेचा ओब जिल्हा वगळला गेला. ओबचे मुख्य शहर त्र्वा हे एके काळी शँपेनच्या सरदारांची राजधानी होते, हे लक्षात घेतले तर तिथल्या बागायतदारांना किती झोंबले असेल ते कळते. त्यांनी मोर्चे काढले. त्यांना आत घेण्याच्या हालचाली सुरू होताच उत्तरेकडच्या मार्न जिल्ह्यातले बागायतदार पेटले. 1911 च्या एप्रिलमध्ये त्यांनी व्यापाऱ्यांची गोदामे आणि घरे जाळली. यातला सर्वांत मोठा उद्रेक ज्या गावात झाला त्याचे नाव आहे 'आई'. मराठी कानाला ते जाळपोळीच्या बातमीत जरा विचित्रच वाटते. 1927 च्या कायद्याने ओब अखेर शँपेनमध्ये आला.

नुसती हद्द पुरत नाही, हे लवकरच ध्यानात आले. हद्दीच्या आत कोणीही दलदलीत, भरघोस पिकणारी हलकी जात लावून जुन्या नावावर पैसे करू शकत होता. जिरोंद प्रांताचे राजकारणी आणि कृषितज्ज्ञ जोझेफ कापू यांचे म्हणणे असे की, नावाबरोबर द्राक्षाची जात, जमीन, उत्पादनाची मर्यादा आणि पद्धत हेही बांधले पाहिजे. शातोनफ-द्यु-पाप या गावात बॅरन ल रॉय या वकील-बागायतदाराने हा प्रयोग आधीच केला होता. जिथे लॅव्हेंडर आणि थाइम ही झुडपे उगवतात तीच जमीन द्राक्षाची, अशी त्यांची एक कसोटी होती. कायद्यात वनस्पतीलाच साक्षीदार करण्याची ही कल्पना मला फार आवडते. या विचारांतूनच 1935 चा एओसी कायदा आला आणि 1936 मध्ये पहिली मानांकने जाहीर झाली.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. फ्रेंच वाइनच्या भांडणाचे चित्र 'पॅरिसची नोकरशाही विरुद्ध बिचारा शेतकरी' असे रंगवले जाते. प्रत्यक्षात प्रत्येक मानांकनाची नियमावली त्या भागातल्या उत्पादकांचा संघच तयार करतो; राष्ट्रीय संस्था ती तपासून मंजूर करते. कोणती जात किती टक्के, हेक्टरी किती पीक, छाटणी कशी, हे बहुमताने ठरते. कुझँ यांच्या खटल्यातही स्थानिक उत्पादकांचा संघ पक्षकार होता. म्हणजे भांडण शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे आहे. गावाचे नाव ही सामाईक विहीर आहे असे मानले, तर पोहरा कोणत्या मापाचा असावा यावरची ही भांडणे आहेत.

बहुमताची किंमत कशी मोजावी लागते याचे उत्तम उदाहरण म्हणजे प्रोव्हाँसमधले त्रेव्हालाँ. एल्वा ड्युरबाक यांनी 1973 मध्ये आल्पी टेकड्यांच्या उत्तर उतारावरचा खडक फोडून तिथे काबेर्ने सोव्हिन्याँ आणि सिरा या दोन जाती जवळपास निम्म्या-निम्म्या लावल्या. काबेर्ने ही बोर्दोची द्राक्षे, प्रोव्हाँसमध्ये उपरी, असे कोणी म्हणेल. पण या दोन जाती या भागात एकत्र लावल्या जात, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातले द्राक्षशास्त्रज्ञ ज्युल ग्युयो यांनी करून ठेवली आहे. ड्युरबाक यांची वाइन जगभर नावाजली गेली. 1995 मध्ये ले बो-द-प्रोव्हाँस हे स्वतंत्र मानांकन झाले तेव्हा नियमात काबेर्नेला वीस टक्क्यांची मर्यादा आली. ज्या वाइनने त्या टापूला मोठी कीर्ती मिळवून दिली होती, तीच टापूच्या नावाला अपात्र ठरली. ड्युरबाक यांनी एक वेलही उपटली नाही. 'व्हँ द पेई', म्हणजे प्रादेशिक वाइन, या खालच्या दर्जाच्या नावाने ते विकत राहिले आणि किंमत मात्र वरचीच राहिली. परंपरा कोणती, हे ठरवताना कोणत्या सालापासून मोजायचे, हा प्रश्न नियमावलीत कुठेच लिहिलेला नसतो.

दुसरे प्रकरण बोर्दोतले, अधिक खट्याळ. सँ-एमिलियोंचे जाँ-ल्युक त्युनव्हँ यांनी 2000 च्या हंगामात पावसाचे पाणी मुळांत जाऊन रस पातळ होऊ नये म्हणून वेलांच्या ओळींमध्ये प्लास्टिक अंथरले. अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, आकाशातून पडणारे पाणी हाही त्या जागेचाच गुण, तो अडवला तर जागेची वाइन राहिली कुठे? तेवढ्या बागेची वाइन मानांकनातून बाहेर गेली. त्युनव्हँ यांनी तिला नाव दिले 'लँतेर्दी', म्हणजे निषिद्ध! त्यांच्या व्हालांद्रो या बागेला 2012 मध्ये त्याच सँ-एमिलियोंच्या अधिकृत प्रतवारीत अत्युच्च गटात जागा मिळाली, हा पुढचा विनोद. या वादात मला अधिकाऱ्यांची बाजू पटते. पाऊस नको असेल तर मग गाव तरी कशाला हवे?

मानांकनाबाहेर गेलेल्याच्या वाट्याला काय येते, ते लेबलावर दिसते. 2009 पर्यंत अशी वाइन 'व्हँ द ताब्ल', म्हणजे साधी जेवणातली वाइन, म्हणून विकावी लागे आणि तिच्यावर हंगामाचे साल किंवा द्राक्षाची जात छापायला बंदी होती. जगातली बारीकसारीक माहिती देणाऱ्या वस्तूंपैकी एक असलेली वाइनची बाटली अशी मुकी होई. 2009 च्या सुधारणेत 'व्हँ द फ्रान्स' हा वर्ग आला. साल आणि जात छापता येऊ लागली, गाव मात्र नाही. गावाचे नाव हेच मानांकनाचे नाव असेल, तर उत्पादकाच्या पत्त्यातही गावाऐवजी पिनकोड घालावा लागतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बाहेर पडणाऱ्यांत नैसर्गिक पद्धतीने वाइन करणारे पुष्कळ आहेत. विकतचे यीस्ट नाही, सल्फाइट नाही किंवा नावापुरते. अशी वाइन गढूळ दिसू शकते, दरवर्षी वेगळी लागते, आणि चाखणाऱ्या समितीला ती त्या भागाच्या ठरावीक चवीची वाटत नाही. लोआर खोऱ्यातल्या पुयी-फ्युमेचे अलेक्झांद्र बँ यांचे मानांकन 2015 मध्ये गेले. कारण चवीचे नव्हते, तपासणीला सहकार्य न केल्याचे होते. 2017 मध्ये दिजाँच्या प्रशासकीय न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि बँ पुन्हा आत आले. बंडखोर म्हणून ज्यांची ओळख, त्यांना गावाचे नाव परत हवे होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 2020 मध्ये 'व्हँ मेतोद नात्युर' या खुणेला फ्रान्समध्ये अधिकृत मान्यता मिळाली. तिच्यासाठी हाताने तोडणी, सेंद्रिय द्राक्षे, सल्फाइटची मर्यादा अशी नियमावली आहे. नियमांना कंटाळून निघालेल्यांनी आपली स्वतंत्र नियमावली लिहिली.

बाहेर पडलेल्यांना हसणाऱ्यांवरही आता वेळ आली आहे. उन्हाळे तापू लागले, द्राक्षे लवकर पिकू लागली, अल्कोहोल वाढू लागले. ठरलेल्या जाती, ठरलेल्या हद्दी ही व्यवस्था हवामान स्थिर राहील या भरवशावर उभी होती. बोर्दोच्या उत्पादकांनी स्वतःच नव्या जाती मागितल्या आणि 2021 मध्ये सहा जातींना परवानगी मिळाली. त्यांत पोर्तुगालची तुरिगा नासिओनाल आहे, संकरित मार्सेलाँ आहे. अटी कडक आहेत: बागेच्या पाच टक्क्यांहून जास्त क्षेत्र नाही, मिश्रणात दहा टक्क्यांहून जास्त रस नाही. आणि या द्राक्षांची नावे बाटलीवर छापायची नाहीत.