माटुंग्याचं डांबर, उल्हासनगरची कोनशिला

८ ऑगस्ट १९४९. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींमध्ये, सिंधमधून आलेल्या निर्वासितांचे संसार कसेबसे मांडलेले होते. त्या दिवशी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजेच राजाजी, तिथे आले. त्यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि छावणीला नाव मिळालं उल्हासनगर, जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून.

या तारखेला एक मागचा संदर्भ आहे. बरोबर सात वर्षांपूर्वी, ८ ऑगस्ट १९४२ रोजी, मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर केला होता. राजाजींचा त्या लढ्याला विरोध होता. जपानी फौजा दाराशी आल्या असताना इंग्रजांशी झुंजण्याऐवजी मुस्लिम लीगशी समझोता करावा, असं ते उघडपणे सांगत होते. महिनाभर आधीच ते काँग्रेसमधून बाहेर पडले होते.

हे मत त्या दिवसांत मांडणं सोपं नव्हतं. माटुंग्याच्या सभेत त्यांच्या अंगावर डांबर फेकण्यात आलं. ज्यांच्या भूमिकेला राजाजी विरोध करत होते, त्या गांधीजींनी याचा जाहीर निषेध केला. अप्रिय मत मांडलं म्हणून राजाजींचा मान संपला का, साध्या नागरिकाचा बोलण्याचा हक्कही त्यांना उरला नाही का, असा गांधीजींचा सवाल होता. गांधीजींनी आपलं मत तसूभरही बदललं नाही, हे इथे फार महत्त्वाचं. राजाजी चुकत आहेत असं त्यांना वाटत होतं आणि त्याच वेळी राजाजींचं म्हणणं लोकांनी ऐकून घ्यावं असंही वाटत होतं. आदर म्हणजे मत गिळणं, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. या दोघांनी तो कधीच खोटा ठरवला होता.

दोघे व्याहीही होते. राजाजींच्या लक्ष्मीचं आणि गांधीजींच्या देवदासचं लग्न १९३३ मध्ये पुण्यातल्या पर्णकुटीत झालं. पण केवळ सोयरिकीने असे मतभेद पचत नाहीत.

राजाजींनी १९४४ मध्ये मांडलेल्या योजनेत मुस्लिमबहुल जिल्ह्यांनी सार्वमताने वेगळं होण्याची वाट ठेवली होती. त्याच योजनेच्या आधारे गांधीजी मलबार हिलवर जिनांशी बोलले. बोलणी फिसकटली. पुढे फाळणी झाली आणि अख्खा सिंध पाकिस्तानात गेला. घरदार, व्यापार, आराध्यदैवत दर्यालालाचे घाट मागे टाकून आलेल्या माणसांना दिल्लीच्या नेत्यांवर रागवायला कारणं कमी नव्हती. तरीही त्यांच्या उल्हासनगरात नेहरू चौक आहे, गांधी रोड आहे आणि नेहरूंशी वाट न जुळलेल्या सुभाषबाबूंचा नेताजी चौकही आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ हा सारा पट्टा पूर्वी ठाणे लोकसभा मतदारसंघात होता. १९७७ आणि १९८० मध्ये तिथून रामभाऊ म्हाळगी निवडून आले. मूळचे जनसंघाचे, आणीबाणीत तुरुंगवास सोसलेले. आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून ते मतदारांपुढे ठेवत. ज्याने मत दिलं नाही त्यालाही हिशेब मागता यावा, ही त्यामागची जाणीव मोठी आहे. नेत्याने विरोधी मतदाराचा राखलेला हा मान आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते.

आज स्टेशनबाहेरच्या प्रत्येक खांबावर कुणी ‘भाऊ’, कुणी ‘दादा’, कुणी ‘साहेब’ असतात. वाढदिवसाच्या त्या फलकांना आदर म्हणता येणार नाही. मर्जी राखण्याचा तो मार्ग आहे, आणि मर्जी फिरली की तीच तोंडं शिव्या देतात. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री तर उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच, जमिनीच्या वादातून गोळीबार झाला. जखमी झालेले नेते आणि अटक झालेले आमदार राज्यात एकत्र सत्तेत असलेल्या दोन पक्षांचे होते. एका आघाडीत बसूनही समोरच्याबद्दल किमान मान उरला नाही, तर काय होतं ते या शहराने पाहिलं.

राजाजींची गोष्ट मात्र कोनशिलेपाशी थांबत नाही. १९५४ मध्ये, नेहरू पंतप्रधान असताना, पहिल्याच वर्षीच्या भारतरत्नांमध्ये त्यांचं नाव होतं. पाच वर्षांनी त्याच राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला आणि नेहरूंच्या परमिट-लायसन्स राज्यावर तुटून पडले. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. मे १९६४ मध्ये नेहरू गेले. राजाजींनी लिहिलेल्या श्रद्धांजलीत नेहरूंच्या धोरणांशी आपण इतकी वर्षं लढलो हे लपवलेलं नाही. वयाने अकरा वर्षांनी लहान असलेला हा मित्र देशाला आपल्यापेक्षा अकरा पटींनी मोलाचा होता, असं मात्र त्यात म्हटलं आहे.