पाण्याचा ताळेबंद आणि उघडे सूत्र

भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातल्या कसाऱ्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. इथे पाऊस कमी नाही. पण उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ, म्हणून पाणी मुरण्याआधी ओढ्याला लागते. किती वाहिले, किती मुरले, किती पिकांनी उचलले, हा ताळेबंद मांडल्याशिवाय बंधारा कुठे घालावा हे ठरत नाही. हा हिशोब करणारे सॉफ्टवेअर त्या त्या मातीप्रमाणे बदलता आलेच पाहिजे. त्याची सोय कशी होते, हे क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रोग्रामवरून कळते.

गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या या प्रोग्रामचा गाभा सी++ भाषेत आहे. त्यात काही बदलायचे तर तो पुन्हा कंपाइल, म्हणजे यंत्रभाषेत रूपांतरित, करावा लागतो. पण २००७ च्या ०.९ आवृत्तीपासून त्याला पायथॉन भाषेची जोड मिळाली. पायथॉनचा इंटरप्रिटर, म्हणजे लिहिलेला मजकूर वाचून अमलात आणणारा भाग, प्रोग्रामच्या पोटातच चालतो. त्यामुळे प्लगइन, म्हणजे प्रोग्रामला वरून जोडायचा पूरक भाग, मुख्यतः एका फोल्डरमधल्या वाचता येणाऱ्या फाइलींचा असतो. मुंबई आयआयटीने राज्य सरकारच्या ‘पोकरा’ या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पासाठी पाण्याच्या ताळेबंदाचे प्लगइन याच पायावर तयार केले. माती, उतार, जमिनीचा वापर, पीक आणि पाऊस दिला की ते अपधाव, म्हणजे वाहून जाणारे पाणी, आणि भूजलात मुरणारे पाणी काढते. ‘पोकरा’ मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यासाठी होता. तिथली गृहीतके कसाऱ्याच्या उताराला जशीच्या तशी लागू पडणार नाहीत. मात्र सूत्र मजकुरात असले, तर ती तपासून बदलता येतात.

पायथॉन संथ आहे, हा पहिला आक्षेप. तो खरा आहे. पण जड आकडेमोड गाभ्याकडे सोपवून स्क्रिप्टने फक्त क्रम ठरवला, तर संथपणा फारसा जाणवत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्लगइनला वापरकर्त्याइतकेच अधिकार मिळतात, त्यामुळे घातक फाइल संगणकभर हात घालू शकते. म्हणून ते खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे. शिवाय २०१८ मध्ये क्यूजीआयएस ३ आले, तेव्हा जुनी प्लगइन नव्याने जुळवावी लागली. म्हणजे देखभालीचा खर्च आधीच धरायला हवा. गावात पायथॉन कोणाला येतो, असेही विचारले जाईल. प्रत्येकाला यायची गरज नाही. तालुक्यात एखादा अभियंता प्लगइनचा मजकूर वाचू शकला, तरी ग्रामसभा अहवालातल्या आकड्यामागचे गृहीतक मागू शकते. बंद प्रोग्राममध्ये त्या अभियंत्यालाही फक्त उत्तर दिसते, सूत्र नाही.